पारा जातो कुठे?

'पारा चढला' हा वाक्प्रचार पुढच्या पिढीला किती दिवस समजेल कोण जाणे! घरोघरी आता डिजिटल थर्मामीटर आले. तरी औषधांच्या डब्याच्या तळाशी जुना काचेचा थर्मामीटर अजून पुष्कळांकडे असेल. तो फुटला तर पारा टाकायचा कुठे? प्रश्न साधा, पण त्यामागचा इतिहास मोठा आहे.

फॅरनहाइटने १७१४ साली पाऱ्याचा तापमापक बनवला. रोग्यांसाठीचे तापमापक मात्र पुढे दीडशे वर्षे लांबलचक आणि वेळखाऊच राहिले. १८६० च्या दशकात ऑलबट या इंग्लिश डॉक्टरने सहा इंची, पाच मिनिटांत ताप सांगणारा थर्मामीटर तयार केला. त्यामुळे पारा डॉक्टरांच्या खिशात आणि तिथून घराघरांत पोचला. आमच्या पिढीतल्या कितीतरी मुलांनी फुटक्या थर्मामीटरमधला तो चकचकीत थेंब तळहातावर खेळवला. कोणी हटकले नाही, कारण कोणाला ठाऊकच नव्हते. पारा साध्या खोलीतसुद्धा हळूहळू उडतो. त्याची वाफ दिसत नाही, तिला वास नाही. श्वासावाटे ती शरीरात जाते आणि मज्जासंस्थेला व मूत्रपिंडांना अपाय करते.

पाऱ्याचे खरे रूप जगाला दिसले ते जपानमधल्या मिनामाता गावात. तिथल्या रासायनिक कारखान्याचे सांडपाणी समुद्रात जाई. त्यातला पारा मासळीत आणि मासळीतून माणसांत आला. आधी मांजरे झटके येऊन मेली, मग माणसे आजारी पडली. १९५६ मध्ये या रोगाची अधिकृत नोंद झाली, पण दोष कारखान्याचा हे सरकारने मान्य केले १९६८ मध्ये. मधली बारा वर्षे लोक तीच मासळी खात होते.

आपल्याकडेही असा धडा मिळाला. अमेरिकेतला एक थर्मामीटरचा कारखाना १९८० च्या दशकात तामिळनाडूतल्या कोडाईकनालला आला. २००१ मध्ये गावकऱ्यांना आणि कार्यकर्त्यांना तिथल्या एका भंगाराच्या दुकानात पारा लागलेल्या फुटक्या काचेचा ढीग सापडला. कारखाना बंद झाला. २००३ मध्ये सुमारे २९० टन पारायुक्त कचरा जहाजाने पुन्हा अमेरिकेला रवाना झाला. तिथल्या माजी कामगारांशी तडजोड व्हायला मात्र २०१६ साल उजाडले.

कोडाईकनालचा ढीग मोठा होता म्हणून दिसला. आपल्या घरातला पारा जेमतेम एक ग्रॅम. तो कोणाला दिसणार? पण त्याची वाट तीच. आपली पिशवी शेवटी कुणी कचरावेचक बाई उघडते, बहुधा उघड्या हातांनी. कोडाईकनालच्या कचऱ्यासाठी जहाज आले. आपल्या एका थर्मामीटरसाठी साधा डबाही नसतो. वस्तू घरात यायची वाट आधी तयार होते, बाहेर जायची मागाहून. आपल्या देशात 'घरगुती घातक कचरा' हा वेगळा वर्ग ठरला तो २०१६ च्या घनकचरा नियमांत. त्यात फुटके थर्मामीटर, ट्यूबलाइट, वापरलेल्या बॅटऱ्या, मुदत संपलेली औषधे, रंगाचे व कीटकनाशकांचे डबे असे सारे आले. मिनामाताची नोंद होऊन तोवर साठ वर्षे झाली होती!

तेव्हा थर्मामीटर फुटलाच तर मुलांना खोलीबाहेर काढावे आणि खिडक्या उघडाव्यात. हातातल्या सोन्याच्या बांगड्या-अंगठ्या उतरवाव्यात, कारण पारा सोन्याला धरतो. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर फिरवू नये, थेंब आणखी विखुरतात. हातमोजे घालून जाड कागदाने ते गोळा करावेत, घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवून वर चिठ्ठी चिकटवावी. मोरीत तर मुळीच ओतू नये.

न फुटलेला थर्मामीटरही आजच वेगळा काढून ठेवावा आणि वॉर्ड ऑफिसात असा कचरा कुठे घेतात ते विचारावे. धड उत्तर मिळाले नाही तर पुन्हा जावे. चार जणांनी विचारल्याशिवाय बाहेरची वाट तयार होत नाही, एवढे तरी या इतिहासातून शिकावे.