गोठ्यातली मजुरी मोजताना

ऊस आणि कांदा सोडला, तर महाराष्ट्रात दुधाच्या दराइतकी चर्चा दुसऱ्या कुठल्या शेतमालाची झाली नसेल. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या दुधाला संघ किती देतो, पावडरीचे भाव पडले की खरेदीदर लगेच का उतरतो, पिशवीचा दर मात्र जागेवर कसा राहतो, हे गावातल्या शाळकरी पोरालाही सांगता येते. जुलै २०१८ मध्ये याच दरासाठी मुंबईकडे जाणारे दूध अडवले गेले. २०२४ मध्ये सरकारने लिटरमागे पाच रुपये अनुदान दिले. या साऱ्या हिशेबात गाय असते, पेंड असते, डॉक्टरची फी असते, कर्जाचा हप्ता असतो. पहाटे चारला उठून शेण ओढणारा गडी मात्र 'मजुरी' या एका रकान्यात उरकला जातो, आणि तो रकाना कोणी फारसा उघडून पाहत नाही.

तो रकाना उघडून पाहणाऱ्यांसाठी हे पुस्तक आहे. यात कायद्याचे विद्यार्थी येतील, कृषी अर्थशास्त्राचे येतील, गोठ्यागोठ्यांत फिरणारे पशुवैद्यक आणि दूध संघांचे पर्यवेक्षक येतील. एखादा गोठामालकही येईल, आणि त्याचे विशेष स्वागत आहे. इथला कायदा आकाराने लहान आहे, चार दिवसांत वाचून होतो. किमान वेतनाचा दर राजपत्रात किंवा कामगार आयुक्तांच्या परिपत्रकात मिळतो: मूळ दर आणि त्यावर निर्देशांकाप्रमाणे बदलणारा विशेष भत्ता. तो शोधायला एक दुपार पुरते. कस लागतो तो पुढे. दिवस कशाला म्हणायचे, मजुरीत काय धरायचे आणि कामावर नेमकी माणसे किती, या तीन गोष्टी मोजल्याशिवाय दराला काही अर्थ येत नाही. गोठ्यातले बहुतेक तंटे दराचे दिसतात आणि निघतात मोजणीचे.

आधी कायद्याची जागा पाहू. गोठ्यावरचे काम 'असंघटित' म्हणून कायद्याबाहेर आहे, असा समज शिकलेल्या माणसांतही आढळतो. तो चुकीचा आहे. १९४८ च्या किमान वेतन अधिनियमाच्या अनुसूचीचे दोन भाग होते. दुसरा भाग शेतीचा, आणि त्यातल्या शेतीच्या व्याख्येत दुग्धव्यवसाय आणि पशुपालन पहिल्यापासून नावानिशी होते. म्हणजे आरे दुग्धवसाहत उभी राहायच्या आधीच गोठ्यातला मजूर कागदावर कायद्याच्या कक्षेत आला होता. पुढे २०१९ ची वेतन संहिता आली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. तिने अनुसूचीच काढून टाकली. आता किमान वेतनाचा हक्क कोणत्याही रोजगारातल्या कामगाराला आहे. जुन्या कायद्याखालच्या अधिसूचना, नव्याशी विसंगत नसतील तोवर, चालू राहतात. त्यामुळे अभ्यासकाला सध्या दोन्ही कायदे शेजारीशेजारी ठेवूनच वाचावे लागतात.

आता दिवस. वीस-बावीस एचएफ गाईंचा साधा गोठा घ्या. पहाटे चारला शेण काढायचे, गव्हाणीत मुरघास आणि वरून पेंड टाकायची, कास धुऊन पुसायची, पहिल्या तीन-चार धारा हाताने काढून बघायच्या (दगडीची शंका तिथेच येते), मग मशीन लावायचे. संघाच्या गाडीच्या आत कॅन रस्त्यावर गेले पाहिजेत. त्यानंतर वासरांना दूध, मशीनची धुलाई, गोठा धुणे. नऊ वाजतात. दुपारी तासभर पाणी आणि कुट्टी. चारला पुन्हा तेच सगळे, आठपर्यंत. हातात काम असलेले तास झाले दहा. पहिल्या कामापासून शेवटच्या कामापर्यंतचा पसारा झाला सोळा तासांचा. मालक म्हणतो, गडी दुपारभर झोपलेला असतो. गडी म्हणतो, मी दुसरीकडे कामाला जाऊ शकतो का? दोघेही खरे बोलत असतात.

१९५० च्या केंद्रीय किमान वेतन नियमांनी प्रौढ कामगाराचा दिवस नऊ तासांचा धरला होता आणि विश्रांतीसह त्याचा पसारा बारा तासांपलीकडे जाऊ नये असे म्हटले होते. त्याच नियमात पुढे एक वाक्य होते: शेतीतल्या कामगारांच्या बाबतीत सरकार यात फेरफार करू शकेल. कारखान्याच्या भोंग्यावर बेतलेला दिवस दावणीला लागू पडणार नाही, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होते. दावणीचा दिवस मग कसा मोजायचा, हे मात्र त्यांनी पुढच्यांवर सोपवले. नव्या संहितेखालचे नियम हाती घ्याल, तेव्हा हाच प्रश्न घेऊन वाचा. तिथे एक गाय मध्यरात्री अडलेली आहे आणि गडी कंदील, म्हणजे आता मोबाइलची बॅटरी, धरून उभा आहे, असे मनात धरा. ते चार तास कुठल्या दिवसात जातात? दोन धारांमधली मोकळी पण बांधलेली दुपार काम की विश्रांती?

आठवड्याच्या सुट्टीचेही तसेच. जनावराला रविवार नसतो, हे वाक्य इतक्या सहजतेने म्हटले जाते की ते युक्तिवाद वाटू लागते. पण कायदा सुट्टी जनावराला देत नाही, माणसाला देतो. सात दिवसांत एक दिवस विश्रांती, भरपगारी. गोठ्यावरचा व्यवहार उलटा चालतो. महिन्याच्या ठरलेल्या पगाराला तिसाने भागायचे आणि गडी गावाला गेला की तेवढे खाडे धरून कापायचे. भरपगारी सुट्ट्या त्या हिशेबात शिरतच नाहीत. हा एक प्रश्न विचारला तरी अनेक ठिकाणी 'सरकारी दराने देतो' हे विधान ढासळते.

मजुरीत काय धरायचे, हा प्रश्न जुना आहे. खान्देशात सालदाराचे साल आखाजीला ठरायचे, मराठवाडा-विदर्भात सालगड्याचे गुढीपाडव्याला. त्यात रोख रक्कम असे आणि तिच्याबरोबर धान्य, कपडे, वहाणा, सणाचे जेवण. आजच्या गोठ्यावर यादी बदलली आहे: पत्र्याची खोली, वीज, रोजचे लिटरभर दूध, कधी किराणा. 'राहणं-खाणं आमच्याकडं' असे म्हणून मालक रोख पगार कमी सांगतो आणि आपण अन्याय करतो आहोत असे त्याला मनापासून वाटत नाही. १९४८ चा कायदा इथे कडक होता. वेतन रोखीतच द्यायचे. वस्तुरूपाने द्यायचे तर सरकारने तशी अधिसूचना काढलेली हवी. आणि घर, वीज, पाणी यांची किंमत वेतनात धरायचीच नाही. नव्या संहितेतही घराची किंमत वेतनाच्या व्याख्येबाहेरच आहे, पण वस्तुरूप मोबदला एकूण वेतनाच्या १५ टक्क्यांपर्यंत वेतनाचा भाग मानला जातो. शिवाय मालकाने दिलेल्या निवासापोटी कपात करण्याची वाट वेगळ्या कलमात ठेवली आहे. माझ्या मते संहितेतली ही सर्वांत निसरडी जागा आहे. गोठ्याच्या भिंतीला टेकून बांधलेली खोली ही गड्याची सोय, की रात्रीच्या राखणीची मालकाची सोय? तिचे भाडे कापणाऱ्याने राखणीचे तास पगारात धरले आहेत का, हे आधी बघावे.

आणि माणसे किती? पश्चिम महाराष्ट्रातल्या दूधपट्ट्यात 'गोठ्यासाठी जोडपे पाहिजे, राहण्याची सोय' ही जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमी दिसते. पगार एकच सांगितलेला असतो. नवरा धारा काढतो, मशीन सांभाळतो, गाडीवर कॅन पोचवतो. बायको शेण काढते, वासरे बघते, कुट्टी टाकते, भांडी घासते. पैसे त्याच्या हातात, नाहीतर त्याच्या खात्यात. त्या रकमेला दोनाने भागून पाहा. मग ती किमान वेतनाशी ताडून पाहा. १९७६ पासून समान कामाला समान वेतनाचा कायदा होता आणि आता संहितेत लिंगभेदाला मनाई आहे. पण 'जोडपे' या एककात बाईचा दर कमी नसतो, तो नसतोच. त्यामुळे भेद सिद्ध करायला तुलनेचा आकडाही हाती लागत नाही. केंद्र सरकारचे श्रम ब्युरो ग्रामीण मजुरीचे दर गोळा करते आणि २०१३ च्या फेररचनेनंतर त्यात पशुपालन कामगारांचा वेगळा गट आहे, पुरुष आणि स्त्रियांचे दर वेगळे. ही आकडेवारी उपयोगाची आहे. मात्र जोडप्याचा एक पगार तिच्या रकान्यांत कुठे बसवायचा, हे वाचकाने स्वतःला विचारत राहावे.

उचलीबद्दल थोडक्यात, कारण ऊसतोडीच्या निमित्ताने मराठीत तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. लग्न, आजारपण, घराचे पत्रे यांसाठी घेतलेली उचल पगारातून वळती होते, आणि कमी पगारावर टिकून राहायचे कारणही तीच होते. आगाऊ रकमेची वसुली कायद्याला मान्य आहे; सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. पण 'उचल फिटेपर्यंत जायचं नाही' असे झाले की प्रकरण १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात जाते. आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात १९८२ साली न्या. भगवती यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले: गरजेपोटी किमान वेतनाहून कमी पैशांत राबणे हेही संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदातले सक्तीचे श्रमच आहेत.

मालकाची बाजू या पुस्तकात टाळलेली नाही. दहा गाईंचा मालक स्वतःही पहाटे चारला उठतो, दर दुसरा ठरवतो, आणि त्याच्या घरच्यांच्या श्रमाला कोणी रोज लावत नाही. 'परवडत नाही' हे त्याचे म्हणणे खोटे नसते. केरळातल्या उनिचोयी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये सांगितले की किमान वेतन ठरवताना मालकाची ऐपत हा मुद्दा गैरलागू आहे. मला हा निकाल पटतो. तो पटला तरी अभ्यास तिथे संपवता येत नाही. लिटरच्या खरेदीदरात गड्याचे किमान वेतन धरले आहे का, हा प्रश्न संघाला आणि खासगी डेअरीला विचारला पाहिजे. आज तो कायद्याने फक्त गोठामालकाला विचारला जातो.

परदेशातही मोजणीचेच भांडण आहे, हे पाहून धीर येतो. न्यूझीलंडमध्ये गाई वसंतात जवळजवळ एकदम वितात. वार्षिक पगारावरचा कामगार त्या आठवड्यांत इतके तास राबतो की तासाचा दर किमान वेतनाखाली जातो. नंतरच्या मोकळ्या महिन्यांशी सरासरी काढून तो भरून निघाला असे म्हणता येत नाही. काम केलेल्या काळापुरते किमान वेतन मिळालेच पाहिजे, अशी तिथल्या श्रम निरीक्षकांची भूमिका राहिली. अमेरिकेत १९३८ च्या कायद्याने शेतीला ओव्हरटाइममधून वगळले होते. वॉशिंग्टन राज्यातही तशीच सूट होती. २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दूधगोठ्यातल्या कामगारांपुरती ती रद्द केली, तेव्हा त्या कामातला धोका हा निकालाचा कळीचा मुद्दा होता. आपल्याकडे गाईच्या लाथेने मोडलेला हात अजून दवाखान्याच्या केसपेपरापलीकडे क्वचितच जातो.

शेवटी पुराव्याकडे वळतो, कारण नवा अभ्यासक तिथेच अडतो. शेतीसाठी पाचपर्यंत माणसे ठेवणाऱ्या मालकाला संहितेने नोंदवह्यांतून सूट दिली आहे, म्हणजे आपल्याकडचे बहुतेक गोठे सुटले. परंतु निरीक्षकाने मागितल्यास वेतन दिल्याचा वाजवी पुरावा त्यानेही दाखवायचा आहे, आणि दावा दाखल झाला तर पैसे दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावरच आहे. दाव्याची मुदत पूर्वी सहा महिने होती, ती आता तीन वर्षे झाली. गोठ्यात हा पुरावा असतो भिंतीवरच्या कालनिर्णयात. तारखांच्या चौकटीत सकाळ-संध्याकाळचे लिटर, कुठली गाय कधी भरवली, गड्याला दिलेली उचल, त्याचे खाडे, सगळे एकाच बॉलपेनने लिहिलेले असते. हे पान मालकाच्या हातचे असते, म्हणून ते दोन्ही बाजूंना उपयोगी पडते. क्षेत्रकार्याला जाल तेव्हा परवानगी घेऊन त्याचे पान-पान फोटोत घ्या, आणि डिसेंबरच्या आत घ्या. जानेवारीत नवे कालनिर्णय लागते आणि जुने चुलीत जाते.