फाइल-डाउनलोड व्यवस्थापक : जालक-मांडणीचा इतिहास

दूरच्या संगणकावर साठविलेली फाइल जालकाद्वारे आपल्या संगणकावर आणणे, मध्येच तुटलेले काम पुढे चालू करणे, एकाच फाइलीचे भाग अनेक जोडण्यांतून एकाच वेळी मागविणे व ते जुळवून मूळ फाइल सिद्ध करणे ही कामे करणाऱ्या आज्ञावलीस डाउनलोड व्यवस्थापक असे म्हणतात. अशा आज्ञावलीत ‘नेटवर्क’ या शीर्षकाखाली एक पान असते. प्रॉक्सी वापरावयाची की नाही, एफटीपीची पद्धत सक्रिय असावी की निष्क्रिय, एका सर्व्हरशी एका वेळी किती जोडण्या कराव्यात, उत्तराची वाट किती सेकंद पाहावी, असे रकाने त्यात आढळतात. सामान्य वापरणारा ते आहेत तसेच सोडतो व बहुधा त्यात त्याचे काही बिघडत नाही. तथापि हे रकाने कोणी एका बैठकीत आखलेले नाहीत. १९७१ पासूनच्या सुमारे तीन दशकांत जालकाच्या रचनेत जे बदल होत गेले, त्यांचे थर या पानावर साचले आहेत. म्हणून त्यांचा अर्थ ऐतिहासिक क्रमानेच नीट लागतो.

यांतील सर्वांत जुना थर एफटीपीचा होय. फाइलींची ने-आण करताना संगणकांनी आपापसांत पाळावयाच्या नियमांचा हा संच असून त्याचा पहिला आराखडा अभय भूषण यांनी १६ एप्रिल १९७१ रोजी मांडला. अलाहाबाद येथे जन्मलेले भूषण हे कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेच्या पहिल्या तुकडीतील पदवीधर. आराखडा लिहिला त्या वेळी ते अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत काम करीत होते. त्या काळचे आर्पानेट हे जालक म्हणजे मोजकी विद्यापीठे व संशोधनसंस्था यांचे संगणक होते आणि त्यांचे चालक परस्परांना ओळखत असत. जॉन पॉस्टेल व जॉइस रेनल्ड्स यांनी १९८५ मध्ये सिद्ध केलेल्या एफटीपीच्या मानकातही या ओळखीची छाया दिसते. त्यानुसार दोन स्वतंत्र जोडण्या होतात : एक आज्ञांसाठी व दुसरी प्रत्यक्ष फाइलीसाठी. आज्ञांची जोडणी मागणी करणारा संगणक सुरू करतो. फाइलीची जोडणी मात्र मूळ पद्धतीत सर्व्हर सुरू करतो. मागणी करणारा आपला पत्ता व पोर्ट (संगणकातील क्रमांकित द्वार) सहा अंकांच्या रूपाने कळवितो. पहिले चार अंक पत्त्याचे व उरलेले दोन पोर्टचे. मग सर्व्हर त्या पत्त्यावर स्वतः जोडणी करतो. गिऱ्हाइकाने मागणीपत्रात आपला पत्ता लिहावा आणि दुकानदाराने माल घेऊन त्याच्या दाराशी यावे, अशातला हा प्रकार आहे. दार उघडे असेल व पत्ता खरा असेल, ही दोन्ही गृहीते त्यात आहेत. पुढील दहा वर्षांत दोन्ही ढासळली.

दार बंद होण्यास सुरक्षिततेची चिंता कारणीभूत झाली. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेली, स्वतःच्या प्रती काढत पसरणारी आज्ञावली हजारो संगणकांत शिरली आणि जालकावरील परस्परविश्वासाला मोठा धक्का बसला. त्यानंतरच्या काळात संस्थांनी आपल्या जालकाच्या वेशीवर फायरवॉल उभारण्यास आरंभ केला. तिचा सर्वसाधारण नियम सोपा असतो : आतून बाहेर सुरू झालेली जोडणी होऊ द्यावी, बाहेरून आत येऊ पाहणारी अडवावी. या नियमाने एफटीपीची सक्रिय पद्धत नेमकी अर्ध्यावर अडते. आज्ञांची जोडणी होते, नाव व परवलीचा शब्द स्वीकारला जातो. परंतु फाइल मागताच सर्व काही स्तब्ध होते. वापरणाऱ्यास सर्व्हर बंद पडला असे वाटते. वास्तविक सर्व्हर दारावर थाप मारीत असतो आणि त्याला आत येऊ दिले जात नाही.

मानकात यावर एक तोड आधीपासून होती. निष्क्रिय पद्धतीत सर्व्हर स्वतःचे एक द्वार उघडून त्याचा क्रमांक कळवितो व दुसरी जोडणीही मागणी करणाराच करतो. ‘निष्क्रिय’ हे विशेषण येथे सर्व्हरला लागू आहे. हे न सांगता तो शब्द थेट वापरणाऱ्याच्या पुढे ठेवल्यामुळे या रकान्याने जितका गोंधळ माजविला तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्याने माजविला असेल. फेब्रुवारी १९९४ मध्ये स्टीव्हन बेलोव्हिन यांनी एका टिपणाद्वारे अशी शिफारस केली की, फाइल मागणाऱ्या आज्ञावलींनी हीच पद्धत मुळात गृहीत धरावी. पुढे तीच सर्वत्र रूढ झाली. अडचण अर्थात नाहीशी झाली नाही; ती सर्व्हरच्या चालकाकडे गेली, कारण आता त्याला आपल्या फायरवॉलमध्ये अनेक पोर्ट मोकळे ठेवावे लागले.

पत्ता खरा असण्याचे गृहीत दुसऱ्या कारणाने मोडले. इंटरनेटचा त्या वेळचा पत्ता ३२ बिटांचा असल्याने एकूण ४,२९,४९,६७,२९६ इतकेच पत्ते संभवतात. ते संपणार हे दिसू लागल्यावर मे १९९४ मध्ये एगेव्हांग व फ्रान्सिस यांनी पत्त्यांच्या रूपांतराची योजना मांडली. घरातील वा कार्यालयातील अनेक संगणकांस खाजगी पत्ते द्यावयाचे आणि बाहेर जाताना वेशीवरील यंत्राने ते एका सार्वजनिक पत्त्यात बदलावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. या खाजगी पत्त्यांचे गट फेब्रुवारी १९९६ मध्ये ठरवून देण्यात आले. घरगुती राउटरवर दिसणारा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता त्यांपैकीच आहे. वेशीवरील यंत्र पाकिटावरील पत्ता बदलते, पण आतील पत्र वाचेलच असे नाही. सक्रिय एफटीपीत तर पत्ता आतील मजकुरातच लिहिलेला असतो. परिणामी सर्व्हरला असा पत्ता मिळतो की, जो बाहेरच्या जगात कोठेच पोहोचत नाही.

प्रॉक्सीचा रकाना याच काळातला. फायरवॉलच्या आतील संगणकांनी बाहेर थेट न जाता एका मध्यस्थ संगणकाकडे मागणी करावी व त्याने ती पुरी करावी, ही ती कल्पना होय. डेव्हिड कोब्लास यांची सॉक्स ही पद्धत १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. जिनीव्हाजवळील यूरोपीय अणुसंशोधन संस्थेत (सर्न) १९९४ च्या सुमारास वेबसाठी अशी व्यवस्था सिद्ध झाली. मध्यस्थ एकदा आणलेल्या पानाची प्रत स्वतःजवळ ठेवीत असल्याने अपुऱ्या तारमार्गावरचा भारही हलका होई. भारतातील अनेक शिक्षणसंस्थांत मध्यस्थाचा पत्ता व ३१२८ किंवा ८०८० असा पोर्ट क्रमांक भरल्याखेरीज एक अक्षरही बाहेरून येत नसे. विद्यार्थ्यांना हे अंक पाठ असत.

तुटलेले काम पुढे चालू करण्याची सोय मात्र सुरक्षिततेतून नव्हे, तर दूरध्वनीच्या तारेतून जन्मली. भारताच्या संदर्भात तिचे महत्त्व मोठे आहे. शिक्षण व संशोधन जालकाची (अर्नेट) विद्युत् डाक १९८७ मध्ये सुरू झाली होती आणि १९९२ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रापासून अमेरिकेतील व्हर्जिनियापर्यंत सेकंदास ६४,००० बिट वाहून नेणारा दुवा कार्यान्वित झाला. सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. तीतील स्वस्त खात्यावर केवळ अक्षरांचा पडदा मिळे. त्यावर फाइल प्रथम निगमाच्या संगणकावर उतरे व तेथून झेडमोडेम या पद्धतीने घरच्या संगणकावर आणावी लागे. सेकंदास ९,६०० बिट या वेगाने, प्रत्येक अक्षरामागे १० बिट धरल्यास, एक कोटी बाइटांच्या फाइलीस जवळजवळ तीन तास लागतात. त्या अवधीत दूरध्वनीचे देयक वाढत राही, आणि शेवटच्या दहा मिनिटांत तार तुटली तर सारे पहिल्यापासून करावे लागे. चक फोर्सबर्ग यांनी १९८६ मध्ये रचलेल्या झेडमोडेममध्ये तुटलेल्या जागेपासून पुढे जाण्याची सोय होती, हे तिच्या लोकप्रियतेचे एक मोठे कारण होय.

एफटीपीत ही सोय रूढीने आली. सर्वसाधारण प्रवाहाच्या पद्धतीसाठी तिला मानकात स्थान मिळाले ते थेट २००७ मध्ये. वेबच्या एचटीटीपी नियमांत ती जानेवारी १९९७ च्या १.१ या आवृत्तीने आणली. फाइलीचा अमुक बाइटापासून अमुक बाइटापर्यंतचा भाग द्यावा अशी मागणी करता येऊ लागली व मान्य झाल्यास सर्व्हर २०६ हा क्रमांक कळवू लागला. मध्यंतरी सर्व्हरवरची फाइल बदलली असेल तर जुन्याला नवे जोडून निरुपयोगी फाइल तयार होण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी फाइलीची ओळखखूण पडताळण्याचीही तरतूद करण्यात आली. ह्‌र्व्हॉय निकशिच यांची डब्ल्यूगेट ही आज्ञावली १९९६ मध्ये व गेटराइट १९९७ मध्ये पुढे आली. डाउनलोड व्यवस्थापक हा स्वतंत्र वर्ग येथून ओळखला जाऊ लागला.

भाग मागता येतात म्हटल्यावर अनेक भाग एकाच वेळी मागण्याची युक्ती सुचणे स्वाभाविक होते. किती जोडण्या असाव्यात हा रकाना त्यामुळे आला, आणि सबंध पानावर खरा वाद आहे तो याच रकान्यात. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व कॅलिफोर्निया विद्यापीठ यांमधील जेमतेम ३६५ मी. अंतरावरचा वेग गर्दीमुळे सेकंदास ३२,००० बिटांवरून ४० बिटांपर्यंत कोसळला. त्यावर व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेला उपाय असा की, प्रत्येक जोडणीने हळूहळू वेग वाढवावा आणि पाकिटे हरवू लागताच स्वतःहून मागे सरावे. या शिस्तीवर इंटरनेट टिकले. तीत तारमार्गाची वाटणी स्थूलमानाने जोडणीमागे होते, माणसामागे नव्हे. एका तारेवर दहा जण असून नऊ जणांची एकेक व दहाव्याची दहा जोडण्या असतील, तर एकोणीस भागांपैकी दहा भाग म्हणजे निम्म्याहून अधिक वाटा त्या एकट्यास मिळतो. त्याचे काम लवकर होते. इतरांना आपला वेग का मंदावला हे कळतही नाही. म्हणून जून १९९९ च्या एचटीटीपी मानकात एका सर्व्हरशी दोनांहून अधिक कायम जोडण्या ठेवू नयेत असा संकेत घालून देण्यात आला. तो फारसा पाळला गेला नाही आणि २०१४ च्या मानकातून दोन हा आकडा वगळण्यात आला.

परंतु अनेक जोडण्या करणारा प्रत्येक जण हावरट होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पोच मिळण्यापूर्वी एका जोडणीत किती बाइट पाठवावेत यास ‘खिडकी’ म्हणतात व तिची मूळ कमाल मर्यादा ६५,५३५ बाइट होती. मुंबईहून अमेरिकेपर्यंत जाऊन परत येण्यास सुमारे पाव सेकंद लागतो असे धरल्यास एका जोडणीतून सेकंदास २,६२,१४० बाइटांपलीकडे काहीच येऊ शकत नाही, मग तार कितीही रुंद असो. सर्व्हरशेजारच्या वापरणाऱ्यास ही अडचण भासत नाही. खिडकी मोठी करण्याची रीत १९९२ मध्ये सांगितली गेली होती, पण घरगुती संगणकांत ती आपोआप वापरली जाण्यास २००७ मध्ये सर्वत्र विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टापर्यंत वाट पाहावी लागली. तोपर्यंत सर्व्हरपासून दूर असणाऱ्याला चार जोडण्या करणे हा अंतराचा तोटा भरून काढण्याचा एक साधा मार्ग होता. चार आणि चाळीस यांतला भेद मात्र आज्ञावली विकणाऱ्यांनी जाहिरातींत क्वचितच सांगितला. बऱ्याच सर्व्हरचालकांनी मग एका पत्त्यावरून येणाऱ्या जोडण्यांवर स्वतःच मर्यादा घातली.

फायरफॉक्सने जुलै २०२१ मध्ये व क्रोमने ऑक्टोबर २०२१ मध्ये एफटीपीचा आधार काढून टाकला. एकाच जोडणीत अनेक मागण्या एकत्र वाहून नेण्याची सोय मे २०१५ च्या एचटीटीपी २ मध्ये आली. वाहतूक सांकेतिक स्वरूपात होऊ लागल्याने मध्यस्थाला आतील मजकूर वाचता येईनासा झाला व प्रत साठवून ठेवण्याचा प्रॉक्सीचा मूळ उपयोगही बराच उणावला. डाउनलोड व्यवस्थापकांच्या पानावर हे रकाने अद्याप आढळतात. सक्रिय व निष्क्रिय यांपैकी निष्क्रिय पद्धतीवर खूण बहुधा आधीच केलेली असते.