नव्या फोनचा पहिला प्रश्न

नवा मोबाइल फोन खोक्यातून काढून सुरू केला की तो बरीचशी कामे आपल्याला न विचारताच उरकतो. तारीख आणि वेळ तो टॉवरकडून घेतो. आपण कोणाचे ग्राहक आहोत हे सिमकार्डाकडून समजून घेतो. पण त्या सगळ्याच्या आधी तो एक प्रश्न विचारतो : तुमची भाषा कोणती? यवतमाळ, वणी, पुसद किंवा पांढरकवड्याच्या बाजारात फोन घेणाऱ्या पुष्कळ गिऱ्हाइकांना हा प्रश्न दिसतच नाही. दुकानातला मुलगा सिमकार्ड बसवता बसवता इंग्रजीवर बोट टेकवून पुढे गेलेला असतो. फोन हातात पडतो तेव्हा त्याची भाषा ठरून गेलेली असते.

भाषांच्या त्या यादीत मराठीचे नाव यायला सुमारे तीस वर्षे लागली. ती कशी गेली हे शिक्षकांनी माहीत करून घेण्यासारखे आहे. कारण यवतमाळ जिल्ह्यात घरात बोलल्या जाणाऱ्या काही भाषा आजही त्या यादीबाहेर आहेत आणि त्या बोलणारी मुले आपल्याच वर्गात बसतात.

आधी सिमकार्डाबद्दल थोडे, कारण मुले हमखास विचारतात. पहिली सिमकार्डे 1991 मध्ये म्युनिकच्या गिझेके उंड डेव्ह्रिएंट या कंपनीने फिनलंडमधील एका मोबाइल जाळ्यासाठी बनवली. कार्डात एक ओळख क्रमांक असतो आणि एक गुप्त संख्या असते. ही गुप्त संख्या कार्डाबाहेर कधीच जात नाही. जाळे फोनला कोणतीतरी एक यादृच्छिक संख्या पाठवते. कार्ड ती संख्या आणि आपली गुप्त संख्या घेऊन ठरलेले गणित करते आणि फक्त उत्तर परत पाठवते. जाळ्याच्या दप्तरीही तीच गुप्त संख्या असते, त्यामुळे त्याला तेच गणित करून उत्तर ताडून पाहता येते. परवलीचा शब्द न उच्चारता तो आपल्याला ठाऊक आहे हे पटवून देण्याची ही युक्ती आहे. या व्यवहारात भाषेची अडचण येत नाही, कारण दोन्हीकडे आकडेच असतात.

अक्षरांचे तसे नाही. यंत्राला अक्षर कळत नाही, त्यालाही आकडाच लागतो. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो आणि तो क्रमांक सर्व यंत्रांना मान्य असावा लागतो. इंग्रजीची सव्वीस लहान व सव्वीस मोठी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे 128 जागांत सहज बसतात; तसा तक्ता अमेरिकेत 1960 च्या दशकातच तयार झाला. देवनागरीत मात्र काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे आहेत. खिळे जुळवून छापण्याच्या काळात एका देवनागरी संचात शेकडो खिळे लागत. प्रत्येक जोडाक्षराला स्वतंत्र क्रमांक द्यायचा म्हटले तर यादी संपणार कुठे?

यातून वाट काढण्याचे काम 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला कानपूरच्या आयआयटीत झाले. त्यातून पुढे आलेली कल्पना सोपी होती : अक्षराचा आकार साठवायचा नाही, ध्वनींचा क्रम साठवायचा. 'क्ष' ही वेगळी वस्तू नाही. ती क, हलंत आणि ष अशी तीन चिन्हे आहेत. ती एकत्र आल्यावर कशी दिसावी हे पडद्यावर चित्र काढताना ठरवता येते. आपले प्राचीन वैयाकरण वर्णमाला उच्चारस्थानांप्रमाणे लावून गेले होते, त्यांची ही पुण्याई म्हणायला हरकत नाही. याच विचारावर 1986 मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 'इनस्क्रिप्ट' ही कळपट्टी ठरवली. तिच्यात डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला मुख्यतः व्यंजने आहेत. क ज्या कळीवर देवनागरीत आहे, त्याच कळीवर तो बंगालीत, तेलुगूत आणि कन्नडमध्येही आहे. 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि कानपूरचे हे काम तेथे आले. सी-डॅक म्हटले की लोकांना 'परम' महासंगणक आठवतो. माझ्या मते तिचे हे दुसरे काम सामान्य माणसाच्या अधिक उपयोगी पडले. 1991 मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ही संकेतप्रणाली मानक म्हणून स्वीकारली. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांसाठी 'युनिकोड'ची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीचा विभाग भारतीय प्रणालीच्या 1988 च्या मसुद्याप्रमाणे लावलेला होता.

म्हणजे 31 जुलै 1995 रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्यात भारतातला पहिला मोबाइल कॉल झाला, तेव्हा देवनागरीचे क्रमांक ठरून चार वर्षे झाली होती. तरी ते फोनपर्यंत पोहोचले नाहीत. 2003 मध्ये येणाऱ्या कॉलचे पैसे पडणे थांबले आणि मोबाइल खेड्यांत शिरला. बोलायला लिपी लागत नाही, त्यामुळे बोलणाऱ्यांचे काम भागले. लिहिणाऱ्यांची मात्र पंचाईत झाली.

तिचे कारण साध्या भागाकारात आहे, आणि तो फळ्यावर करून दाखवण्यासारखा आहे. लघुसंदेशाची म्हणजे एसएमएसची लांबी 1980 च्या दशकात युरोपात ठरली. फ्रीडहेल्म हिलेब्रांड या जर्मन अभियंत्याने पोस्टकार्डे आणि टेलेक्सचे संदेश तपासले आणि 160 अक्षरे पुरतात असा निष्कर्ष काढला. फोन आणि टॉवर यांच्यात नियंत्रणासाठी जी वाट असते, तिच्यातली रिकामी जागा वापरायची असल्याने एका संदेशाला 140 बाइट, म्हणजे 1120 बिट मिळाले. रोमन अक्षराला 7 बिट पुरतात. 1120 भागिले 7 म्हणजे 160. युनिकोडमधील देवनागरी चिन्हाला या पद्धतीत 16 बिट लागतात. 1120 भागिले 16 म्हणजे 70. शिवाय संदेशात एकच 'ळ' घातला तरी अख्खा संदेश 16 बिटांत जातो, बाकीची अक्षरे रोमन असली तरीही. संदेश लांबला आणि त्याचे तुकडे पडले, तर तुकडे जुळवण्याची खूण प्रत्येकात घालावी लागते आणि देवनागरीसाठी 70 च्याही 67 च जागा उरतात. पुढे या मानकात दहा भारतीय भाषांसाठी 7 बिटांचे खास तक्ते घातले गेले. त्यांत मराठीचा वेगळा तक्ता नाही, देवनागरी हिंदीच्या नावाने आहे. आणि हे तक्ते फारसे वापरात आलेच नाहीत.

जागा 70, पण त्या अक्षरांच्या नव्हेत, चिन्हांच्या. 'शेतकऱ्यांनो' हा शब्द आपण शे-त-क-ऱ्यां-नो असा पाच अक्षरांत वाचतो. यंत्र श, एकाराची मात्रा, त, क, ऱ, हलंत, य, काना, अनुस्वार, न आणि ओकार अशी अकरा चिन्हे मोजते. आता हे वाक्य घ्या : 'शेतकऱ्यांनो, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करू नका.' विरामचिन्हे आणि मोकळ्या जागा धरून त्यात 54 चिन्हे होतात. उरल्या 16 जागा. 'हातमोजे व मुखपट्टी वापरा' एवढे जोडायचे तर 24 लागतात. दुसऱ्या संदेशाचे पैसे मोजा किंवा सूचना अर्धी ठेवा. मुलांना स्वतः मोजू द्या. व्याकरणाच्या तासाला स्वर-व्यंजने वेगळी करायला कंटाळणारी मुले हे मोजताना कंटाळत नाहीत.

हे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशके फवारताना झालेल्या विषबाधेत वीसेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कारणे अनेक होती : औषधांची मिश्रणे, माणसाच्या उंचीच्या वर गेलेली पऱ्हाटी, संरक्षक साधनांचा अभाव. त्याचा दोष संदेशाच्या लांबीवर टाकणे हास्यास्पद होईल. शेतकऱ्यांना संदेश पाठवणारी केंद्राची 'एम-किसान' यंत्रणा 2013 पासून होतीच. पण फवारणीची सूचना ज्याच्यासाठी आहे त्याला ती वाचता येणे, आणि पुरती वाचता येणे, ही किरकोळ बाब नाही हे त्या वर्षी दिसले.

देवनागरी महाग पडू लागली तेव्हा लोकांनी स्वस्त उपाय शोधला : मराठी, पण रोमन अक्षरांत. एक पिढीच्या पिढी अशी लिहायला शिकली. त्यात हरवते काय, तर नेमके मराठीचे मर्म. ल आणि ळ, न आणि ण, त आणि ट, द आणि ड यांतला भेद जातो. के-ए-एल असे आले तर ते काल, काळ, कळ की कल हे संदर्भावरून ओळखायचे. 'माल' आणि 'माळ' यांचेही तेच.

स्मार्टफोन आल्यावर संदेश इंटरनेटवरून जाऊ लागले आणि 70 चा जाच मागे पडला. तरी सुरुवातीच्या अनेक फोनांवर मराठी मजकुराच्या जागी नुसते चौकोन दिसत, किंवा वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसे. क्रमांक बरोबर असत, पण ध्वनींच्या क्रमावरून अक्षराचे चित्र काढणारा भाग फोनमध्ये नसे. अँड्रॉइड प्रणालीत देवनागरी नीट दिसू लागली ती 2011 च्या चौथ्या आवृत्तीपासून. मेनूची भाषा म्हणून मराठी आली 2014 च्या पाचव्या आवृत्तीत. 2016 मध्ये केंद्र सरकारने आदेश काढला की भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनवर इंग्रजी, हिंदी आणि आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता आले पाहिजे आणि आठव्या परिशिष्टातील सर्व 22 भाषा वाचता आल्या पाहिजेत.

या प्रवासात मराठीचे काही खास हट्टही पुरवावे लागले. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना' दिलेले आमंत्रण वेगळे आणि 'आचाऱ्यांना' दिलेले वेगळे. हा ऱ हिंदीला लागत नाही, म्हणून हिंदीच्या सोयीने केलेल्या फोनांवर शेतकऱ्याच्या डोक्यावर रफार चढे. संकेतप्रणालीत ऱ ची सोय पहिल्यापासून होती. इनस्क्रिप्टवर तो र च्याच कळीवर, शिफ्ट दाबून मिळतो. मात्र हे अक्षर लिहिण्याच्या दोन रीती रूढ झाल्या. दिसायला दोन्ही सारख्याच, पण आतले क्रमांक निराळे. त्यामुळे एका रीतीने लिहिलेला 'शेतकऱ्यांना' दुसऱ्या रीतीने शोधला तर कित्येकदा सापडत नाही. 'ॲ' ची कथा याहून अलीकडची. 'ॲसिड' मधल्या त्या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती 2008 मध्ये. त्यापूर्वी ते 'अ' वर चंद्र ठेवून भागवावे लागे.

आता यादीबाहेरच्या भाषांकडे वळू. पुसद, दिग्रस, दारव्हा भागातल्या तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. जनगणनेत ती हिंदीच्या पोटात मोजतात. गोंडीला निदान लिपीचे क्रमांक मिळाले आहेत. मसराम गोंडी लिपी 2017 मध्ये आणि गुंजाळा गोंडी 2018 मध्ये युनिकोडमध्ये आली. ज्या गुंजाळा गावात त्या लिपीची हस्तलिखिते मिळाली, ते पैनगंगेपलीकडच्या आदिलाबाद जिल्ह्यात आहे. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या भागांतल्या कोलाम पोडांवर कोलामी बोलतात. ही मराठीची बोली नाही, ती द्रविड कुळातली स्वतंत्र भाषा आहे. 2011 च्या जनगणनेत तिचे भाषक सव्वा लाखाहून अधिक होते. तिचे पहिले सविस्तर व्याकरण मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने वर्ध्याकडच्या बोलीवरून लिहिले आणि ते 1955 मध्ये कॅलिफोर्नियात छापले गेले. नव्या फोनच्या यादीत कोलामी नाही. ती आठव्या परिशिष्टात नाही, त्यामुळे 2016 चा आदेशही तिला लागू होत नाही.

महाराष्ट्रात कोलामी लिहायची झाली तर देवनागरीत लिहितात. मग नवी लिपी करायचे काम तर वाचले. अडचण आहे स्वरांची. कोलामीत ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही. घराला त्या भाषेत 'ऎल्ला' म्हणतात, त्यातला पहिला स्वर ऱ्हस्व आहे. मराठी लेखनात हा भेद दाखवायला चिन्हच नाही. म्हणून मराठी वाचायला शिकणारे कोलाम मूल आपल्याच घराचे नाव लिहिताना त्यातला एक स्वर सोडून देते. पण युनिकोडच्या देवनागरी विभागात ही चिन्हे आहेत : ऎ आणि ऒ, आणि त्यांच्या मात्रा. कानपूर-पुण्याच्या मंडळींनी सर्व भारतीय लिप्या एकाच साच्यात बसवायचे ठरवले होते. तेलुगू-कन्नडला ऱ्हस्व ए-ओ लागतात, म्हणून देवनागरीतही त्यांच्या जागा राखल्या गेल्या. फोनवरच्या मराठी कळपट्टीत ती चिन्हे सहज सापडत नाहीत. संगणकावर इनस्क्रिप्टची पारंपरिक मांडणी असेल तर ऱ्हस्व एकाराची मात्रा इंग्रजी झेडच्या कळीवर आहे, आणि शिफ्टबरोबर तीच कळ दाबली की 'ऎ' उमटतो.