खोडलेली नोंद

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या बोडलियन ग्रंथालयाने 1624 साली शेक्सपियरच्या नाटकांच्या पहिल्या संग्रहाची बांधणी करून घेतली. 1635 च्या सूचीत ही प्रत आहे. 1674 च्या सूचीत मात्र केवळ नवी, तिसरी आवृत्ती आढळते. नवी आल्यावर जुनी जादा ठरली आणि बहुधा 1664 च्या सुमारास विकली गेली. ती कोठे गेली, याविषयी सूची मौन बाळगते.

1905 साली एक तरुण घरातील जुन्या पुस्तकाच्या बांधणीविषयी सल्ला विचारण्यास तेथे आला. बांधणीवरून आणि पुठ्ठ्यावरील साखळीच्या खुणेवरून ग्रंथपालांनी आपली प्रत ओळखली. 1906 साली वर्गणी जमवून, 3000 पौंड मोजून, ती परत घ्यावी लागली.

आजची ग्रंथालये हरवलेल्या पुस्तकापुढे ‘गहाळ’ आणि काढून टाकलेल्यापुढे ‘रद्द’ असा शेरा लिहितात, ते उगाच नव्हे. आपल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीचाही हाच शिरस्ता आहे. विवाह झाला, गुरुदीक्षा मिळाली, तर ते समासात लिहिले जाते. मूळ नोंद खोडली जात नाही. माणूस गाव सोडून गेला, चर्चला येईनासा झाला, तरी त्याचे नाव तेथेच राहते. परतणाऱ्याला त्याची जागा दाखवता आली पाहिजे.