परवानगीचा अर्थ

‘ध’चा ‘मा’ झाल्याची आख्यायिका कोणा मराठी वाचकास ठाऊक नाहीं? १७७३ सालीं ‘धरावें’ या शब्दांतील एक अक्षर पालटलें आणि नारायणराव पेशव्यांचा प्राण गेला, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. ही कथा खरी असो वा नसो, तिच्यामुळें आपली अशी समजूत झाली आहे कीं, आज्ञेचा विपर्यास व्हावयाचा तर कोणी तरी अक्षर बदलावें लागतें. परंतु अक्षर न बदलतां, बोलणारा व ऐकणारा दोघेही प्रामाणिक असतां, केवढा अनर्थ ओढवतो याचें एक उदाहरण विमानांच्या इतिहासांत नमूद आहे.

१ डिसेंबर १९७४ रोजीं सकाळीं ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स या अमेरिकन कंपनीचें ५१४ क्रमांकाचें विमान कोलंबसहून वॉशिंग्टनकडे निघालें. तेथील नॅशनल विमानतळावर आडव्या वाऱ्याचा जोर असल्यामुळें तें डलेस विमानतळाकडे वळविण्यांत आलें. विमानास ७,००० फूट उंची नेमून दिलेली होती आणि विमानतळ अद्याप ४४ सागरी मैल दूर होता. अशा वेळीं नियंत्रकानें त्यास बारा क्रमांकाच्या धावपट्टीकडे येण्याची परवानगी दिली. कोठपर्यंत किती उंची राखावी, हें मात्र त्यानें सांगितलें नाहीं.

वैमानिकांनीं प्रत्येक शब्द नीट ऐकला. घोटाळा शब्दांत नव्हता. तो न बोललेल्या भागांत होता. परवानगी मिळाली म्हणजे वाट निर्वेध आहे, मध्यें डोंगर असता तर नियंत्रकानें उंचीची मर्यादा घातलीच असती, अशी वैमानिकांची समजूत. नकाशा वैमानिकापुढें आहे, तेव्हां डोंगर टाळणें हें त्याचें काम, अशी नियंत्रकाची समजूत. मुख्य वैमानिकास शंका आली नाहीं असेंही नाहीं. त्या टापूंतील किमान उंची ३,४०० फूट असल्याचें नकाशावर पाहून त्यानें तें बोलून दाखविलें. परंतु परवानगीचा अर्थ खालीं उतरावें असाच होतो, असें म्हणून त्यानें ती शंका बाजूस सारिली. नियंत्रकास कोणी विचारलें नाहीं. विमान १,८०० फुटांकडे उतरत गेलें, आणि व्हर्जिनियांतील माउंट वेदर या डोंगरावर आदळलें. आंतील ९२ माणसांपैकीं एकही वांचलें नाहीं.

पुढें राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानें चौकशी केली. बहुमतानें अकालीं उतरण्याचा निर्णय हें मुख्य कारण ठरविलें; मात्र शब्दांच्या अर्थाविषयींचा हा गोंधळ वेळींच दूर न केल्याबद्दल विमान खात्यासही दोष दिला. अल्पमताच्या सभासदांनीं उंचीची मर्यादा न घालणें हेंच मूळ कारण मानिलें. सर्व कागदपत्र शांतपणें पाहणाऱ्या पंचांसही त्या एका वाक्यावरून जबाबदारी कोणाची यावर एकमत होतां आलें नाहीं. मग ढगांत सांपडलेल्या वैमानिकांस तें क्षणार्धांत कसें उमगावें?

याहून मनास लागणारी गोष्ट निराळीच आहे. सुमारें सहा आठवडे आधीं दुसऱ्या एका कंपनीचें विमान याच ठिकाणीं अशाच गैरसमजामुळें थोडक्यांत बचावलें होतें. त्या कंपनीनें आपल्या वैमानिकांस सावध केलें. परंतु इतरांच्या कानीं तें गेलें नाहीं. हा धडा ध्यानांत घेऊन १९७६ सालीं ‘नासा’ या संस्थेच्या विद्यमानें अशी व्यवस्था सुरू झाली कीं, वैमानिकांनीं व नियंत्रकांनीं आपल्या हातून घडलेल्या चुका निर्भयपणें कळवाव्या, त्यांचीं नांवें गुप्त राहावीं आणि चुकीपासूनचा बोध मात्र सर्वांस मिळावा. नियमांतही सुधारणा झाली : प्रसिद्ध केलेल्या मार्गावर येईपर्यंत विमानानें शेवटची नेमून दिलेली उंची सोडूं नये.

आतां साधा वाटणारा हा नियम ज्या प्रश्नाचें उत्तर आहे, तो प्रश्न त्या सकाळीं दोन शब्दांत विचारतां आला असता : “किती उंचीपर्यंत?” आपणांस अर्थ समजला आहे, अशी दोन्ही बाजूंची खात्री होती, म्हणून तो कोणी विचारला नाहीं.