मामांची मॅटाडोर: खान्देशातल्या एका चाकांवरच्या घराचा इतिहास

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं अशा सगळ्यांसाठी हा भाग लिहून काढलाय. बोलण्यातले शब्द बरेचसे तसेच ठेवलेत.

सुरुवातीला एक प्रश्न. ‘टेम्पो’ हा शब्द कुठून आला? आपण लग्नाचं सामान टेम्पोत भरतो, केळीचे घड टेम्पोत भरतो, गणपतीही टेम्पोतूनच आणतो. पण टेम्पो हे मुळात गाडीच्या प्रकाराचं नाव नाही. जर्मनीत हॅम्बुर्गला ‘विडाल आणि मुलगा’ अशा नावाची एक कंपनी होती, ती आपल्या छोट्या मालगाड्या ‘टेम्पो’ या नावाने विकायची. १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी उभी राहिली आणि ते नाव आपल्याकडे आलं. पुढे कोणत्याही कंपनीची छोटी मालगाडी म्हणजे टेम्पोच झाली. जर्मन कंपनी कधीच विरून गेली, शब्द मात्र पारोळ्याच्या बाजारात अजून जिवंत आहे.

याच घराण्यातली मॅटाडोर. चपटं नाक, मोठी काच, दोन सीटांच्या मधल्या झाकणाखाली तापलेलं इंजिन. तुमच्यापैकी ज्यांचा जन्म २००० नंतरचा आहे, त्यांनी ती कदाचित कुठेतरी शेताच्या बांधावर गंजत उभी पाहिली असेल. माझ्या मामांची तशीच उभी होती. आजचा इतिहास तिच्या डिझेलच्या नळ्यांमधून आणि तारांमधून सांगणार आहे.

घर कसलं, दुकान कसलं

मामांचं यात्रेत कटलरीचं दुकान असायचं. बांगड्या, टिकल्या, पिना, प्लास्टिकची खेळणी. मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेडा, महाशिवरात्रीला चांगदेव-मुक्ताई, चैत्रात धुळ्याची एकवीरा देवी, वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा. या सगळ्या यात्रांना मामा-मामी मॅटाडोर घेऊन जायचे आणि मुक्काम गाडीतच. मागे फळ्यांचा माळा, त्यावर गाद्या. खाली मालाची खोकी. दाराशी स्टोव्ह आणि पाण्याची कॅन. छताला बारा व्होल्टची ट्यूबलाइट. आज रील्समध्ये ‘व्हॅन लाइफ’ दिसतं ना, ते आमची मामी १९९० च्या दशकात जगत होती. फक्त तिला त्याचं कौतुक नव्हतं, कारण पहाटे उठून नदीवरून पाणी तिलाच आणावं लागायचं.

गंमत अशी की मामांच्या गाडीचं आणि युरोपातल्या घरगाड्यांचं नातं खरोखरचं आहे. मॅटाडोर बरीच वर्षं बनत होती. मामांची नंतरच्या काळातली, मर्सिडीजच्या ओएम ६१६ जातीचं इंजिन असलेली. चार सिलिंडर, २.४ लिटर, डिझेल. बजाज टेम्पोने हे इंजिन परवाना घेऊन आपल्याकडे बनवलं. जर्मनीत १९७३ साली हेच इंजिन मर्सिडीज २४० डी या मोटारीत आलं होतं. पुढे ते १९७७ पासून बनणाऱ्या मर्सिडीजच्या टी१ व्हॅनमध्येही बसलं, आणि त्या व्हॅनवर तिकडे कितीतरी घरगाड्या बांधल्या गेल्या. म्हणजे तिकडे पेन्शनर जोडपी ज्या इंजिनाच्या जोरावर समुद्रकिनारी मुक्कामाला जात, तेच इंजिन आमच्या मामीचा स्टोव्ह आणि हजार डझन बांगड्या सारंगखेड्याला नेत होतं.

भंगाराच्या वाटेवर

गेल्या वर्षी मे महिन्यात ही गाडी भंगारात द्यायचं ठरलं. मामा चौऱ्याहत्तरचे. मामी जाऊन तीन वर्षं झालेली. गाडी दोन वर्षं जागची हलली नव्हती. मामेभावाने धुळ्यात एकाशी सौदा ठरवला. जळगाव ते धुळे साधारण ९५ किलोमीटर. मामा म्हणाले, टोइंग नको, ती स्वतःच्या पायाने जाईल.

एरंडोल ओलांडलं. पारोळा ओलांडलं. मुकटी गेलं. फागण्याच्या अलीकडे चढावर गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. दुपारचे दोन, वर ऊन, मामा स्टिअरिंगवर हात ठेवून गप्प.

मी मोबाईलवर व्हिडिओ पाहून फिल्टर बदलण्याइतका शहाणा होतो. तो आदल्याच दिवशी बदलला होता. फोनवरून एका गॅरेजला विचारलं, तर त्यांनी न बघताच सांगितलं की पंप गेला, अठरा हजारांचं काम. भंगारात जाणाऱ्या गाडीवर अठरा हजार कोण घालणार? शेवटी एका ट्रक ड्रायव्हरने धुळ्याच्या एका जुन्या मिस्त्रींचा नंबर दिला. ते मोटारसायकलवर आले, मागे पाच लिटरची कॅन बांधलेली. सत्तरीचे असतील. सगळे त्यांना नाना म्हणतात. ‘नाव नको टाकू रे’ म्हणाले, म्हणून इथेही नानाच.

मामांनी त्यांना सगळं सांगितलं. नाना हसले आणि अहिराणीत म्हणाले, “भंगारमा देनी व्हई तर द्या, पण चालू करीसन द्या.”

हा चौक आणि ही विद्या

नाना काम करतायत तोवर जरा मागे जाऊ. असा माणूस धुळ्यातच का सापडतो?

नकाशा बघा. मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता, म्हणजे जुने राष्ट्रीय महामार्ग ३ आणि ६, धुळ्यात एकमेकांना भेटतात. आता नंबर बदलले, पण धुळ्यातल्या मुख्य रस्त्याला लोक अजून आग्रा रोडच म्हणतात. देशाच्या चार दिशांचा माल या गावावरून जातो. १९६०-७० च्या दशकात युरोपातून इराण, अफगाणिस्तान करत दिल्लीपर्यंत आलेल्या परदेशी तरुणांच्या घरगाड्यांनाही मुंबई-गोव्याकडे उतरायला आग्रा रोड हा एक रस्ता होता. १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा घुसल्या आणि तो खुष्कीचा मार्ग बंद पडला. ट्रकचा ओघ मात्र थांबला नाही. जिथे गाड्या थांबतात तिथे बिघडलेल्याही थांबतात, आणि तिथेच मिस्त्री तयार होतात.

इंधनाचा इतिहासही या रस्त्यांवरून गेलाय. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशनिंग आलं तेव्हा देशभर ‘सर्व्हिस मोटारी’ कोळशाच्या गॅसवर चालवल्या गेल्या. गाडीच्या पाठीला भट्टी, सकाळी ती पेटवायची, गॅस तयार झाला की मग गाडी चालू. १ जून १९४८ ला नगर-पुणे पहिली एसटी धावली. १९५४ साली जमशेदपूरला टेल्कोने डाइमलर-बेंझच्या साथीने ट्रक बनवायला सुरुवात केली, आणि डिझेलचं राज्य आलं. डिझेल इंजिनाचा जीव असतो त्याच्या इंजेक्शन पंपात. बॉशने जर्मनीत १९२७ साली असे पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतले. आपल्याकडे बंगळुरूला १९५१ साली स्थापन झालेल्या मायको कंपनीने ते घडवले. जुन्या गॅरेजांच्या पाट्यांवर ‘मायको’ हा शब्द तुम्ही वाचला असेल. तो यातलाच.

या पंपांचं वैशिष्ट्य एकच सांगतो. त्यांना कॉम्प्युटर लागत नव्हता. वीज गेली तरी फिरणारं इंजिन फिरत राहायचं, म्हणून तर जुने ट्रक बंद करायला वेगळी नॉब ओढावी लागायची. जे काही घडतं ते डोळ्यांना दिसतं, हाताला कळतं. त्यामुळे शाळा सुटलेला मुलगाही उस्तादाच्या शेजारी बसून ही विद्या शिकू शकायचा.

हवेचा दोष

आता पुन्हा फागण्याच्या चढावर. नानांनी पंपाला हातही लावला नाही. टाकीकडून फीड पंपाला येणारी नळी सोडली, त्या जागी आपली एक पारदर्शक नळी लावली आणि तिचं दुसरं टोक कॅनमधल्या स्वच्छ डिझेलमध्ये बुडवलं. मग एअर काढली. म्हणजे फिल्टरवरचा बारका स्क्रू सैल करून फीड पंपाचा हातपंप दाबत राहायचं, फेस येणं थांबून सलग डिझेल येईपर्यंत. स्क्रू आवळला. नोझलकडे जाणारे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारला, डिझेल आल्यावर तेही आवळले. तिथे बोट पुढे करायचं नाही हं, नोझलचा फवारा कातडीत घुसतो.

गाडी चालू झाली आणि चालूच राहिली.

“गाडीना दोष नही शे भाऊ, हवाना दोष शे.”

कॅनवर गाडी चालते याचा अर्थ पंप ठीक, नोझल ठीक. बिघाड टाकी आणि फीड पंप यांच्यामध्येच. मग त्यांनी पारदर्शक नळी टाकीच्या लाइनला जोडली, आणि तिच्यातून बुडबुडे धावताना आम्हाला दिसले. टाकीजवळची रबरी नळी उन्हाने तडकली होती. मी विचारलं, मग डिझेल गळत का नव्हतं? नाना म्हणाले, तिथे डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. स्ट्रॉला भोक पडलं तर उसाचा रस बाहेर सांडत नाही, तोंडात हवा येते. तसंच.

नळी साठ रुपयांची निघाली.

धुळ्यात पोचलो. मामा सौदा करायला गेलेच नाहीत. गाडी नानांच्या अंगणात लावली आणि म्हणाले, “डिसेंबरपर्यंत बघू.”

तार काय सांगते

डिसेंबर म्हणजे सारंगखेडा. पण धुळ्याची थंडी तुम्हाला ठाऊक आहे. निघायच्या पहाटे सेल्फ रडत फिरला आणि इंजिन पेटेना.

नानांनी मल्टिमीटर काढला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनच्या अंगावर, आणि मला सेल्फ मारायला सांगितला. काट्याने दीड व्होल्ट दाखवला. अर्ध्याच्या आत हवा होता. म्हणजे बाराच्या बॅटरीतला दीड व्होल्ट गंजलेल्या अर्थच्या पट्टीतच जिरत होता. पट्टी बदलली, खालचा पत्रा घासून चकचकीत केला.

मग हीटर प्लग. या जुन्या रचनेत चार प्लग एकापाठोपाठ एका माळेत असतात. एक गेला की चारही गेले, जुन्या दिवाळीच्या माळेसारखं. टेस्ट लॅम्प लावत गेले. तिसऱ्या प्लगच्या अलीकडे दिवा लागला, पलीकडे लागला नाही. तिसरा बदलला.

एवढं झाल्यावर नाना माळ्याची फळी काढायला लागले. मामा म्हणाले, तिथे कशाला? तिथे ट्यूबलाइटची तार होती. एका गॅरेजमध्ये कोणीतरी ट्यूबसोबत पंखा आणि चार्जर जोडून दिला होता, थेट बॅटरीवरून, फ्यूज न लावता. फळीमागे तारेचं प्लास्टिक वितळून पत्र्याला चिकटलं होतं. लाकूड काळं पडलं होतं, हाताएवढ्या जागेत.

नानांनी हिशेब समजावला. घरात २३० व्होल्टवर ६० वॅटचं काहीही पाव अँपिअर ओढतं. तेच ६० वॅट बारा व्होल्टवर पाच अँपिअर ओढतं, जवळजवळ वीसपट. म्हणून गाडीतल्या घराला जाड तार लागते, बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज लागतो, पत्र्याच्या भोकात रबर लागतं, आणि तारा पिळून टेप मारण्याऐवजी थिंबल दाबावी लागते.

मामा त्या काळ्या फळीवरून हात फिरवत होते. त्याच फळीला डोकं लावून मामी झोपायची. कितीतरी वर्षं. ते एवढंच म्हणाले, “देवानेच राखलं.” नाना काही बोलले नाहीत. संध्याकाळपर्यंत बसून त्यांनी सगळ्या तारा नव्याने ओढल्या आणि त्या कामाचे पैसे घेतले नाहीत.

हे का सांगितलं

जुन्या गाड्या धूर करतात, आणि २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ चे नियम लागले ते बरंच झालं. जुनी नोझल शंभर-सव्वाशे बारला उघडते, आजच्या कॉमन रेलमध्ये दाब दीड हजार बारच्या वर जातो. तिथे नट सैल करून एअर काढायला गेलात तर जीव जाईल. तिथे लॅपटॉपच हवा. पण त्यामुळे नानांच्या हाताखाली आता कोणी बसत नाही. त्यांचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. पन्नास वर्षं खान्देशातल्या यात्रा, तमाशाचे ट्रक, केळीच्या गाड्या चालू ठेवणाऱ्या या माणसांची नावं कुठल्या गॅझेटिअरमध्ये सापडत नाहीत. कॅन आणि पारदर्शक नळीची युक्ती मला कुठल्या पुस्तकात मिळाली नाही, त्या चढावर मिळाली.

आम्ही सारंगखेड्याला पोचलो. दुकान लावलं नाही. तापीच्या काठी, घोडेबाजाराच्या आवाजात, मामा दोन रात्री गाडीत झोपले. गाडी पुढे किती वर्षं चालेल ते फिटनेसवाले ठरवतील.

मी मात्र पुढच्या महिन्यात पुन्हा धुळ्याला जातोय, रेकॉर्डर घेऊन. नानांनी अट घातलीय की मी आधी हात काळे करायचे, प्रश्न नंतर. तुमच्या गावातही असे कोणी नाना असतील, तर फोन खिशात आहेच. बटण दाबा आणि त्यांना बोलू द्या.

भेटूया पुढच्या भागात.