जुनी कार स्टार्ट होत नाही? आधी बॅटरीचे टर्मिनल बघा

गेल्या पावसाळ्यात पहाटे आईला दवाखान्यात न्यायचं होतं आणि आमची जुनी सेडान चावी फिरवली की नुसती ‘टक-टक’ करत होती. शेवटी रिक्षाने गेलो. रत्नागिरीच्या खाऱ्या, दमट हवेत टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर लवकर साचतो. दोष तिथेच निघाला.

तुम्ही काय कराल? मल्टीमीटर लावा. गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी फुल, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ हवेत, नसतील तर बेल्ट आणि अल्टरनेटर तपासून घ्या.

थर दिसला तर आधी निगेटिव्ह वायर काढा, मग पॉझिटिव्ह. खायच्या सोड्याच्या पाण्याने घासा, कोरडं करून घट्ट बसवा, निगेटिव्ह शेवटी. वरून पेट्रोलियम जेली लावा. आता मी हे दर पावसाळ्याआधीच करतो.